"मॅडम, सही तर तुम्ही पण केलीत ना?"

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी तालुक्याच्या गावातल्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर डिपार्टमेंटला शिकवते. वय 32, अ‍ॅडहॉक म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर आहे, पगार दोन-दोन महिने उशिरा होतो. या सेमिस्टरला माझ्याकडे प्रोफेशनल एथिक्स आणि तंत्रज्ञानाचे सामाजिक परिणाम हा पेपर आलाय. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाले, पीपीटी उरकून टाका, टर्मवर्कला सगळ्यांना चांगले मार्क द्या, कोर्स फाईल तेवढी नीट ठेवा. 68 मुलांतली निम्मी येतात, ती पण मोबाईलमध्ये असतात, असाइनमेंट सगळ्या चॅटजीपीटीच्या. मागच्या आठवड्यात मी "इंटिग्रिटी" शिकवत असताना एका मुलाने सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, इन्स्पेक्शनच्या आधी कॉलेजात जुन्या तारखा टाकून फाईली भरल्या, आम्ही बघितलंय, सही तर तुम्ही पण केलीत ना?" वर्ग हसला. मी अटेंडन्स घेतली आणि निघून आले. आता मी हा विषय सोडू, एचओडी म्हणतात तसा उरकू, की नोकरीच सोडू? मुलं निर्ढावलेली आहेत आणि मलाच शिकवायचा अधिकार नाही असं वाटतं. शिवाय ही शेतकऱ्यांची, कर्ज काढून आलेली मुलं, त्यांना एथिक्स शिकवून उद्या नोकरीत अडचणीत आणायचं का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मुलापाशीच थांबले. वर्ग हसला म्हणजे तुम्हाला किती लागलं असेल ते मला कळतं, मी पण 26 वर्षं वर्गासमोर उभी राहिलेय. पण जरा असं बघा, इतके आठवडे तुम्ही स्लाइड वाचून दाखवताय, आणि 68 जणांत एक मुलगा असा निघाला की ज्याने स्लाइडवरचा शब्द उचलला आणि आजूबाजूला जे दिसतंय त्याला लावून बघितला. हा विषय शिकवून आपल्याला दुसरं काय हवं असतं? तो निर्ढावलेला असता तर गप्प बसला असता, टर्मवर्कचे मार्क तर त्याला मिळणारच होते. आणि बाकीचे हसले ते पण तुम्हाला हसले असं मला वाटत नाही, सगळ्यांच्या मनातलं कोणीतरी बोललं की असं हसू येतं.

दुसरं म्हणजे "मला अधिकार नाही". हे तुम्ही कुठून धरलंत? स्वच्छ माणसानेच एथिक्स शिकवायचं असं ठरवलं तर हा विषय शिकवायला कोणी उरणार नाही. मी सिव्हिलची. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका साईटवर ज्युनिअर इंजिनीअर होते. काँक्रीट ओतलं की त्याच्या नमुन्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरायचे, 7 दिवसांनी आणि 28 दिवसांनी लॅबला नेऊन फोडायचे आणि आकडे रजिस्टरला चढवायचे, हे माझं काम. एका स्लॅबचे 28 दिवसांचे क्यूब लॅबला गेलेच नाहीत, कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, आणि बिल अडकलं. संध्याकाळी सिनिअर म्हणाले, भरून टाक. मी भरले, 26.4, 26.9, 27.1 असे छान जवळजवळचे आकडे, आणि खाली सही केली. ती बिल्डिंग आजही उभी आहे, लोक राहतात तिथे, काही झालेलं नाही. पण पावसाळ्यात कुठे स्लॅब पडल्याची बातमी आली की मी आधी पत्ता वाचते, मग बाकीची बातमी. हे मी वर्गात सांगायला लागले त्यालाच बारा वर्षं गेली, आणि ज्या वर्षी सांगितलं त्या वर्षी मुलं पहिल्यांदा पूर्ण तास बोलली. एक मुलगी म्हणाली, मॅडम, आम्ही पण प्रॅक्टिकलला आधी उत्तर बघतो आणि रीडिंग उलटं काढतो, आणि ते जर्नल तुम्ही सर्टिफाय करता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हा विषय "सही"पासून शिकवा. इंटिग्रिटी, ट्रस्ट, व्हॅल्यू हे शब्द मुलांच्या डोक्यावरून जातात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण सही म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक असतं. बापाने बँकेत कर्जासाठी केलेली सही त्यांनी बघितलीय.

आता त्या मुलाला काय सांगायचं. पुढच्या लेक्चरला पहिल्या पाच मिनिटांत सांगा, "तू विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. हो, मी सही केली होती. मला तेव्हा नाही म्हणता आलं नाही आणि मला ते बरोबर वाटत नाही." एवढंच. कॉलेजचं काय, मॅनेजमेंटचं काय, कोणी सांगितलं, यात जाऊ नका, तुमची नोकरी कच्ची आहे आणि वर्गातला शब्द तासाभरात केबिनला पोचतो, तुम्हाला फक्त स्वतःच्या सहीचं बोलायचंय. आणि मग पुढच्या सहीचं ठरवा. मी शेवटची काही वर्षं एक साधी गोष्ट पाळली, सहीखाली त्याच दिवशीची तारीख. फाईल जूनची असेल आणि माझ्यासमोर ऑक्टोबरमध्ये आली तर सही ऑक्टोबरची. कोणाशी भांडले नाही, भाषण केलं नाही, फक्त तारीख खरी टाकली. दोनदा फाईल परत आली, एकदा माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाची तरी सही घेतली गेली. म्हणजे मी काही ते थांबवू शकले नाही हे पण खरं. पण तिसऱ्या वर्षी स्टाफरूममध्ये अजून दोघी खरी तारीख टाकायला लागल्या, आणि तिघींना बोलावून झापणं एकीला झापण्याइतकं सोपं नसतं. तुम्हाला एकटीला हे जड जाणार असेल तर आधी एक सोबतीण शोधा, मगच सुरू करा.

शिकवायचं काय, तर त्यासाठी लांब जायला नको. 14 मार्च 2019 ला मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला, संध्याकाळी, माणसं कामावरून घरी जायच्या वेळेला, आणि सात जण गेले. त्या पुलाचं आधी स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं, पूल वापरायला योग्य, किरकोळ दुरुस्ती करा, असा शेरा होता. नंतर ऑडिट करणारा आणि महापालिकेचे काही इंजिनीअर अटकेत गेले. ही केस वर्गात ठेवली की कॉम्प्युटरची मुलं म्हणतील हे सिव्हिलवाल्यांचं. त्यांना विचारा, ऑडिट करणारा माणूस पुलाखाली खरंच किती वेळ उभा राहिला असेल, हातोडी मारून बघितली असेल का, की मागच्या रिपोर्टवरून पुढचा रिपोर्ट तयार झाला असेल? आपल्याला याचं उत्तर देता येणार नाही आणि द्यायचं पण नाही, कोर्टाचं काम कोर्ट करेल. पण मग हळूच विचारा, तुमच्या मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये "सर्व टेस्ट केसेस पास" असं लिहिलंय, त्यातल्या किती टेस्ट खरंच रन केल्या होत्या? मी हे विचारलंय. वर्ग एकदम शांत होतो, आणि त्या शांततेत घाईने काही बोलायचं नसतं.

पुण्याजवळची मुलं असतील तर पानशेत घ्या. 12 जुलै 1961. धरणाचं काम पुरतं झालेलं नसताना त्यात पावसाचं पाणी साठलं, धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही गेलं आणि निम्मं पुणं पाण्यात. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी आजी-आजोबा असतात ज्यांच्याकडे त्या दिवसाची गोष्ट असते, मुलांना ती विचारून आणायला सांगा. आदल्या रात्री धरणावर जवान वाळूची पोती लावत होते हे ऐकून एका मुलाने मला विचारलं होतं, "मग तेव्हा शहरात कोणी सांगितलं का नाही?" त्या एका प्रश्नावर माझे दोन तास गेले, कारण खरा मुद्दा तोच आहे, धोका ज्याला आधी दिसतो त्याने कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, आणि आपण चुकीचे ठरलो तर?

तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी मी थेरॅक-25 नक्की घेईन. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देणारं मशीन, 1985 ते 1987 मध्ये अमेरिका आणि कॅनडात सहा पेशंटना भयंकर जास्त डोस बसला, काही जण त्यात गेले. आधीच्या मॉडेलला हार्डवेअरचं इंटरलॉक होतं, काही चुकलं तर मशीनच अडायचं, नव्या मॉडेलला ते काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या चुका इंटरलॉकमुळे झाकल्या गेल्या होत्या, त्या आता उघड्या पडल्या. आणि स्क्रीनवर यायचं काय, तर "मॅलफंक्शन 54". याचा अर्थ ऑपरेटरला कळायचा नाही, असले मेसेज रोजच यायचे, मग तो पी दाबून पुढे जायचा. हे सांगून झालं की मुलांना त्यांच्याच प्रोजेक्टमधला एक एरर मेसेज काढायला लावा आणि तो वाचणाऱ्या माणसासाठी परत लिहायला लावा. अर्धा तास लागतो. यात नीतीचं प्रवचन कुठेच नाही, पण समोरच्या माणसाचा विचार करायची सवय तिथून लागते. बोईंगच्या 737 मॅक्सची गोष्ट पण याच्याच जवळची, विमानाचं नाक खाली ढकलणारं सॉफ्टवेअर एका वेळी एकाच सेन्सरचं ऐकायचं, 2018 आणि 2019 मध्ये दोन विमानं पडली आणि 346 माणसं गेली.

पण माझं ऐकाल तर सगळ्यात जास्त वेळ रेशनच्या अंगठ्याला द्या. तुमच्या गावातल्या प्रत्येक मुलाने "अंगठा लागत नाहीये, उद्या या" हे वाक्य ऐकलेलं असणार. ज्या बाईचे हात आयुष्यभर भांडी घासून, भात लावून, विटा उचलून घासले गेलेत, तिच्याच बोटांच्या रेषा मशीनला दिसत नाहीत, आणि तिलाच रेशन सगळ्यात जास्त लागतं. इथे तुमचा विषय आणि त्यांचा विषय एकमेकाला भिडतात. मशीन ठसा जुळला की नाही हे ठरवताना एक थ्रेशोल्ड असतो, म्हणजे किती जुळलं की हो म्हणायचं ती रेघ, तो सैल ठेवला तर चुकीचा माणूस आत जातो, घट्ट ठेवला तर खरा माणूस बाहेर राहतो. मुलांना हिशोब करायला लावा, समजा शंभरात दोन खरी माणसं नाकारली जातात, गावात 900 कार्डं आहेत, म्हणजे या महिन्यात 18 घरं. ती 18 घरं कोणती, दर महिन्याला तीच तीच का, त्यांनी पुढे काय करायचं, दुकानदाराला दुसरी सोय वापरता येते का, आणि ती सोय आहे हे त्या बाईला कोणी सांगितलंय का? 98 टक्के अ‍ॅक्युरसी म्हटलं की प्रोजेक्टला टाळ्या पडतात, उरलेले दोन टक्के म्हणजे आपली आजी असू शकते हे त्यांना तुमच्या वर्गात कळू दे. प्रायव्हसीचं शिकवताना 2017 चा सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांचा निकाल आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदा घ्यालच, तो सिलॅबसमध्ये असतोच, पण तो या अंगठ्यानंतर घ्या, म्हणजे कायदा कशासाठी आहे ते आपोआप कळेल.

चॅटजीपीटीची असाइनमेंट येते कारण आपण प्रश्नच तसा देतो. "एथिक्सचं महत्त्व लिहा" म्हटल्यावर मुलाने दुसरं काय करावं? त्याऐवजी सांगा की असा एक माणूस शोध ज्याचं काम किंवा हक्क मशीन ठरवतं, रेशन दुकानातली बाई असेल, डिलिव्हरीवाला दादा असेल ज्याचं रेटिंग पडलं की त्याला ऑर्डर कमी येतात, पीकविम्याचा फॉर्म परत आलेला शेतकरी असेल, त्याच्याशी अर्धा तास बोल आणि एक पान हाताने लिहून आण. नाव लिहू नको, त्याची परवानगी घे. नंतर प्रत्येकाची चार मिनिटं ओरल. 68 मुलं म्हणजे साडेचार तास, दोन-तीन प्रॅक्टिकल स्लॉटमध्ये बसतं. आणि मराठीत लिहू द्या, बोलू द्या. हे मी फार उशिरा शिकले. इंग्रजीत विचारलं की मुलं "ऑनेस्टी इज व्हेरी इम्पॉर्टंट" म्हणतात आणि थांबतात. तोच मुलगा मराठीत सांगतो, "मॅडम, मला त्या काकूंकडे बघून लाज वाटली, कारण असं अ‍ॅप मी पण बनवलं असतं." पेपर इंग्रजीत असेल तर शेवटचे दोन आठवडे इंग्रजीची तयारी करून घ्या, तेवढं पुरतं.

एचओडींना हे कसं पटवायचं? त्यांच्याच भाषेत. इंजिनीअरिंगच्या कोर्सना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या 12 प्रोग्राम आउटकम्सच्या, म्हणजे कोर्स संपताना मुलांना काय यायला हवं त्या पीओंच्या, ज्या यादीवर आपण इतकी वर्षं मॅपिंग केलं, त्यात सहावा "इंजिनीअर आणि समाज" आणि आठवा "एथिक्स" होता. या दोन पीओंना पुरावा म्हणून दाखवायला बहुतेक डिपार्टमेंटकडे काहीच नसतं. तुमच्याकडे 68 हाताने लिहिलेली पानं असतील. मॅपिंग आणि अटेनमेंटच्या, म्हणजे ते साध्य झालं हे दाखवायच्या, वेळी ते स्वतः ती फाईल मागून घेतील. अजून थोडं बळ हवं असेल तर राज्य सरकारचं उन्नत महाराष्ट्र अभियान बघा, आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातली माणसं वर्षानुवर्षं मुलांना गावात नेऊन नळपाणी योजना का बंद पडते असल्या प्रश्नांवर इंजिनीअरिंगचे प्रोजेक्ट करून घेतायत, त्याला क्रेडिट मिळतं, मार्क मिळतात. म्हणजे तुम्ही काही वेगळंच वेड घेऊन बसलाय असं होत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, गरीब मुलांना हे परवडतं का. मला याच्या बरोबर उलटं वाटतं. काही बिघडलं की सगळ्यात आधी खालचा सापडतो, ज्याची सही असते तो. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं 2015 मध्ये उघडकीला आलं, सॉफ्टवेअर असं लिहिलेलं की टेस्ट चालू असताना धूर कमी आणि रस्त्यावर जास्त, आणि 2017 मध्ये अमेरिकेत तिथल्या एका इंजिनीअरला 40 महिन्यांची शिक्षा झाली. ज्याच्या मागे वडिलांचा पैसा आणि ओळखी आहेत तो वकील लावेल. कर्ज काढून शिकलेल्या मुलाला मात्र आधीच कळायला हवं की आपण कशावर सही करतोय. आपल्याकडे डॉक्टरांना परिषद आहे, वकिलांना आहे, आर्किटेक्टना 1972 च्या कायद्याने आहे, इंजिनीअरसाठी देशपातळीवर कायद्याने तशी परिषद नाही, म्हणजे नाही म्हणणाऱ्या पोराच्या पाठीशी उभं राहणारं पण कोणी नाही.

म्हणून एक कळकळीची विनंती, मुलांना हुतात्मा व्हायला शिकवू नका. सत्येंद्र दुबे आयआयटी कानपूरचे सिव्हिल इंजिनीअर, सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणाले, ते राहिलं नाही, आणि 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. त्यांची गोष्ट सांगा, सांगायलाच हवी, पण त्यावर थांबलात तर मुलं म्हणतील एक तर गप्प बसा नाही तर मरा. या दोघांच्या मध्ये खूप पायऱ्या आहेत आणि त्या शिकवता येतात. तोंडी सांगितलेलं काम ईमेलवर कन्फर्म करून घेणं, "सर, तुम्ही म्हणालात तसं करतोय, पण ही टेस्ट झालेली नाही" अशी एक ओळ लिहून ठेवणं, एकट्याने न बोलता दोघांनी मिळून बोलणं, सही करण्याआधी "मी हे बघितलेलं नाही" एवढा शेरा मारणं, आणि कुठल्या कंपनीत टिकायचं नाही हे वेळेवर ओळखणं. हे वर्गात रोल प्ले करून घ्या, एकाला मॅनेजर करा, एकाला ज्युनिअर. पहिल्यांदा ज्युनिअर लगेच हो म्हणतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याला शब्द सापडायला लागतात, आणि तेच शब्द पुढे नोकरीत उपयोगी पडतात.

राहिला तुमचा निर्णय. विषय सोडलात तर तो ज्याचा लोड कमी पडतोय त्याच्याकडे जाईल, आणि त्या मुलाचा प्रश्न तसाच राहील. उरकलात तरी कोणी तुम्हाला काही बोलणार नाही, पण तुम्ही मला पत्र लिहिलंत म्हणजे ते तुम्हाला जमणार नाही असं मला दिसतंय. नोकरी सोडायची तर ती पगार वेळेवर होत नाही म्हणून सोडा, ते कारण पुरेसं आहे आणि त्यात काही चुकीचं नाही, दुसरीकडे बोलणी सुरू करा. पण एका मुलाच्या प्रश्नामुळे नको. हे सेमिस्टर पूर्ण करा. सगळं एकदम करायला जाऊ नका, माझं पहिलं वर्ष त्यातच वाया गेलं होतं, एक केस, एक असाइनमेंट आणि तुमची खरी तारीख, या वर्षी एवढं बास. पॉलिटेक्निकला शिकवणाऱ्या दोघींनी पण असंच विचारलंय, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे, फक्त तिथे मुलं 17-18 वर्षांची असतात, त्यांना केसपेक्षा जर्नलच्या रीडिंगपासून सुरुवात केलेली जास्त कळते.

लेक्चरच्या आदल्या दिवशी त्या मुलाला कॉरिडॉरमध्ये गाठा, रागावलेले नाही म्हणून सांगा, आणि हिमालय पुलाच्या बातमीचा प्रिंटआउट त्याच्या हातात द्या. उद्या वर्गात तू हे वाचायचंस. त्याने वाचून झालं की लगेच काही विचारू नका, वर्गातून पहिला आवाज येईपर्यंत थांबा.